फेअर, जस्ट की इम्पार्शल? नेमका इंग्रजी शब्द निवडायची रीत, पायरीपायरीने

इंग्रजीत अर्ज, निबंध किंवा निवेदन लिहिताना आपल्याकडे एक चूक ठरलेली असते. मनात 'निःपक्षपाती' किंवा 'न्याय्य' आलं की हात 'फेअर'वर जातो. जरा भारदस्त लिहायचं असेल तर 'जस्ट', आणि साहेबांवर छाप पाडायची असेल तर 'इक्विटेबल'. जणू एकाच भावाचा माल तीन पोत्यांत भरलाय, कुठलंही उचला. प्रत्यक्षात या शब्दांची कामं वेगळी आहेत, आणि चुकीच्या जागी पडले की वाक्य नुसतं ओबडधोबड होत नाही, कधी कधी अर्थ उलटा होतो. समितीची तक्रार करायला बसलेला माणूस तिचं कौतुक करून उठतो.

खालच्या पायऱ्या क्रमानेच घ्या. बहुतेकांचं बिघडतं ते क्रमामुळे: आधी शब्द शोधतात, मग त्यात आपलं म्हणणं कोंबतात.

तयारी

दोन गोष्टी लागतात. पहिली, शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश, ज्यात प्रत्येक अर्थाखाली उदाहरणाची वाक्यं असतात. खिशातला इंग्रजी-मराठी कोश इथे उपयोगाचा नाही. तो या सगळ्याच शब्दांपुढे 'न्याय्य, निःपक्षपाती, योग्य' एवढंच लिहून मोकळा होतो. मोबाइलवरच्या भाषांतराचंही तेच.

दुसरी, कोरा कागद. त्यावर पहिल्या दोन पायऱ्या मराठीत करायच्या आहेत. घरी अहिराणी बोलत असाल तर अहिराणीत करा, काही बिघडत नाही.

पायरी १ : काय बिघडलं ते आधी आपल्या भाषेत लिहा

'अन्याय झाला' हे लिहू नका. ते सगळेच लिहितात. नेमकं काय झालं ते लिहा. कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, पाणी पोचलंच नाही. निवड समितीत उमेदवाराचा सख्खा काका होता. एका गटाला दोन तास बोलू दिलं, दुसऱ्याला दहा मिनिटांत बसवलं. साहेब आमच्या गावावर आधीपासूनच खार खाऊन होते. भाव बोर्डावर एक, हातात एक.

ही पाचही वाक्यं 'अन्याय' याच सदरात मोडतात, पण इंग्रजीत प्रत्येकाला वेगळा शब्द लागतो. राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीतली मंत्र्यांची शपथ पाहा. इंग्रजी मसुद्यात 'इम्पार्शल' हा शब्दच नाही. त्याऐवजी चार दोष नावानिशी मांडलेत: 'विदाउट फिअर ऑर फेवर, अफेक्शन ऑर इल-विल'. म्हणजे भीती, मेहेरबानी, ममत्व आणि आकस. घटना लिहिणाऱ्यांनी विशेषण शोधत न बसता दोष मोजले. आपणही तेच करायचं.

तपासणी: तुमच्या वाक्यात घडलेली गोष्ट आहे का? नुसतं मत असेल तर पुन्हा लिहा. इथे घाई केली तर पुढच्या सगळ्या पायऱ्या वाया जातात.

पायरी २ : विशेषण कुणाच्या गळ्यात घालणार, ते ठरवा

निम्मा घोळ इथेच मिटतो. खालीलपैकी काय आहे ते कागदावर लिहा: माणूस किंवा समिती, चौकशी किंवा प्रक्रिया, निकाल किंवा शिक्षा, वाटप, भाव किंवा रक्कम, अहवाल किंवा निकष.

'इक्विटेबल' वाटपाला, हिश्श्याला, तडजोडीला लागतं, माणसाला नाही. 'ही इज अ व्हेरी इक्विटेबल ऑफिसर' हे वाक्य व्याकरणात बसतं, पण इंग्रजी कानाला खटकतं. 'इम्पार्शल' माणसाला, चौकशीला, सल्ल्याला लागतं, भावाला नाही. केळीचा भाव 'इम्पार्शल' नसतो, तो 'फेअर' असतो किंवा नसतो. 'डिसपॅशनेट', म्हणजे रागलोभ बाजूला ठेवणारं, नजरेला, विश्लेषणाला, माणसाला चालतं, पाण्याच्या पाळीला कधीच नाही. 'फेअर' मात्र जवळजवळ सगळीकडे शिरतो, आणि म्हणूनच तो आळशी माणसाचा शब्द झालाय. चुकत नाही, पण सांगतही काही नाही.

इशारा: वजनकाट्यात खोट असेल तर तो 'अनफेअर' किंवा 'बायस्ड' लिहू नका. संख्याशास्त्राच्या पुस्तकात यंत्राला 'बायस' असतो, पण बाजार समितीला दिलेल्या अर्जात काटा 'इनॅक्युरेट' असतो. काटा चुकीचा आणि काटेवाला लबाड या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. त्या वेगळ्याच लिहा, कारण त्यांची चौकशीही वेगळी होते.

पायरी ३ : माणूस किंवा चौकशी असेल तर दोषावरून शब्द काढा

सर्वात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थांबून वाचा.

एखाद्याने दोन पक्षांपैकी एकाची बाजू घेतली, ही तक्रार असेल तर हवा तो शब्द 'इम्पार्शल'. त्याला दोन बाजू लागतात. भाऊबंदकीचा वाद, दोन गावांचा वाद, दोन उमेदवार. बाजूच नसतील तर 'इम्पार्शल'ला काम नाही.

बाजू उघड घेतली नाही, पण मन आधीच एका अंगाला कललेलं होतं, ही तक्रार असेल तर 'अनबायस्ड'. यात कल नकळतही असू शकतो. म्हणून साहेबांना थेट 'यू आर पार्शल' म्हणण्यापेक्षा 'द प्रोसिजर मे बी बायस्ड' म्हणणं सौम्य पडतं. पहिल्यात हेतूवर बोट आहे, दुसऱ्यात पद्धतीवर. व्याकरणाकडेही लक्ष असू द्या. 'ही इज बायस' हे चूक, 'ही इज बायस्ड' हे बरोबर. आणि 'बायस्ड विथ' नाही: कुणाच्या विरुद्ध असेल तर 'अगेन्स्ट', बाजूने असेल तर 'इन फेवर ऑफ'.

त्याचा स्वतःचा फायदा-तोटा त्यात अडकला होता, ही तक्रार असेल तर विषय 'डिसइंटरेस्टेड'चा आहे. यातला 'इंटरेस्ट' आवडीचा नव्हे, हितसंबंधाचा. उत्तम उदाहरण म्हणजे १९६९ चा ए. के. क्रायपाक खटला. जम्मू-काश्मीरमध्ये भारतीय वन सेवेसाठी निवड करणाऱ्या मंडळावर असा एक अधिकारी होता, जो स्वतःच उमेदवार होता. त्याच्या स्वतःच्या नावाचा विचार झाला तेव्हा तो बसला नव्हता, तरी सर्वोच्च न्यायालयाने ती निवड रद्द केली. त्याने कुणाची बाजू घेतल्याचं सिद्ध करायची गरज पडली नाही. हितसंबंध होता आणि त्यामुळे कल असण्याची वाजवी शक्यता होती, एवढं पुरलं. 'इम्पार्शल' आणि 'डिसइंटरेस्टेड' यांतला फरक यापेक्षा स्वच्छ दिसत नाही. बाजू न घेणं ही वागणूक झाली, हितसंबंध नसणं ही स्थिती. पंच सरळ मनाचा असेल, पण वाद त्याच्या मेहुण्याच्या बांधाचा असेल, तर तो 'डिसइंटरेस्टेड' नाहीच.

झडतीच्या पंचनाम्यातल्या पंचांसाठी कायदा तिसराच शब्द वापरतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० मध्ये त्या वस्तीतले 'इंडिपेंडंट अँड रिस्पेक्टेबल' रहिवासी असं म्हटलंय. 'इंडिपेंडंट' म्हणजे कुणाच्या दबावाखाली किंवा दावणीला नसलेला. पोलिसांचा नेहमीचा पंच रागलोभ नसलेला असू शकेल, पण 'इंडिपेंडंट' असेलच असं नाही.

इशारा, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा: 'डिसइंटरेस्टेड' आणि 'अनइंटरेस्टेड' एक नव्हेत. 'द कमिटी वॉज डिसइंटरेस्टेड इन अवर कम्प्लेंट' असं लिहून तुम्हाला म्हणायचं असतं की समितीने ढुंकूनही पाहिलं नाही. काटेकोर वाचक मात्र वाचतो की समितीचा यात काही स्वार्थ नव्हता, म्हणजे प्रशस्तिपत्रच. आता गंमत अशी की हल्ली इंग्रजी बोलणारेही हा शब्द 'रस नसलेला' या अर्थाने सर्रास वापरतात. त्यामुळे बरोबर वापरलात तरी वाचणारा चुकीचा अर्थ घेऊ शकतो. माझा सल्ला: परीक्षेत अर्थ विचारला तर नेमका लिहा, अर्जात मात्र हा शब्द टाळा आणि सरळ 'हॅज नो पर्सनल इंटरेस्ट इन द मॅटर' लिहा.

उरलेले पटापट. रागाच्या किंवा मायेच्या भरात निर्णय झाला, ही तक्रार असेल तर 'डिसपॅशनेट' हवा. त्याचा अर्थ 'निरुत्साही' नाही, ती स्तुती आहे. दोघांना सारख्या मापाने वागवलं नाही, एकाला दोन तास आणि एकाला दहा मिनिटं, तर 'ईव्हन-हँडेड' नव्हतं. पुराव्याऐवजी स्वतःच्या मतावर भिस्त ठेवली, तर 'ऑब्जेक्टिव्ह' नव्हतं.

राहता राहिला 'न्यूट्रल'. हा 'इम्पार्शल'चा भाऊ समजला जातो, पण सख्खा नाही. 'न्यूट्रल' माणूस कुणाच्याही बाजूने उभा राहत नाही, निर्णय देण्याची त्याच्यावर सक्ती नाही. 'इम्पार्शल' माणूस निर्णय देतो, आणि तो एकाच्या विरुद्ध जातोच. क्रिकेटचा पंच फलंदाजाला बाद देतो तेव्हा तो निर्णयात तटस्थ नसतो, तरी 'इम्पार्शल' असतो. तहसीलदारांना 'प्लीज बी न्यूट्रल' लिहिलंत तर त्याचा अर्थ 'तुम्ही यात पडू नका' असा होऊ शकतो. आणि तुम्हाला तर त्यांनी पडायला हवंय!

तपासणी: निवडलेल्या शब्दाचा उलटा दोष पायरी १ च्या वाक्यात सापडतो का? 'इम्पार्शल' निवडला आणि वाक्यात दोन बाजूच नाहीत, तर मागे जा.

पायरी ४ : वाटप, भाव, रक्कम किंवा शिक्षा असेल तर

इथे चार शब्दांत निवड आहे: 'फेअर', 'रीझनेबल', 'इक्विटेबल', 'जस्ट'.

भावाला आणि सौद्याला 'फेअर'. देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांनाही पटेल असा. रेशन दुकानाच्या पाटीवर 'रास्त भाव दुकान' असतं, त्याचं इंग्रजी नाव 'फेअर प्राइस शॉप'. उसाचा 'एफआरपी' म्हणजे 'फेअर अँड रेम्युनरेटिव्ह प्राइस', रास्त आणि किफायतशीर दर. 'रीझनेबल प्राइस' मात्र बोलण्यात बहुधा 'फार महाग नाही' असं सांगतं, म्हणजे गिऱ्हाइकाच्या बाजूने. शेतकऱ्याने आपल्या कापसाला 'रीझनेबल' भाव मागू नये, 'फेअर' मागावा.

पाण्याला, निधीला, जागांना 'इक्विटेबल', मराठीत समन्यायी. २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात पाण्याच्या व्यवस्थापनासाठी हाच शब्द आहे. तो 'इक्वल' नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. आवर्तनात, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याच्या फेरीत, प्रत्येक चारीला (कालव्याच्या फाट्याला) मोजून सारखे तास दिले तर ते 'इक्वल' झालं. पण हेडपासून, म्हणजे कालव्याच्या सुरुवातीपासून, टेलपर्यंत जाताना पाणी जिरतं. टेलच्या शेतकऱ्याच्या बांधावर तेवढ्याच तासांत निम्मंही पोचत नाही. ही घट धरून टेलला जास्त तास दिले तर वाटप 'इक्वल' राहत नाही, पण 'इक्विटेबल' होतं. धुळ्याकडच्या पांझरा नदीवरची पाणीवाटपाची जुनी फड पद्धत इंग्रजीत समजावताना म्हणूनच 'इक्विटेबल' शोभतो. एका फडात, म्हणजे शेतांच्या एका गटात, एकच पीक, आणि शेतकरी हेडवाला असो की टेलवाला, पाणी द्यायला नेमलेला पाटकरी. तिथे 'इम्पार्शल इरिगेशन' लिहिलंत तर वाचणारा गोंधळेल.

निकालाला, शिक्षेला, हक्काच्या भरपाईला 'जस्ट'. 'फेअर' दोन पक्षांमधला तोल पाहतो, 'जस्ट' नीती आणि हक्क पाहतो: ज्याचं जे देणं लागतं ते त्याला मिळालं का? कायद्यांतच ही जोडी समोरासमोर दिसते. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या नावात 'फेअर कॉम्पेन्सेशन' आहे, मराठी नावात 'उचित भरपाई'. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १६८ मध्ये अपघाताची भरपाई न्यायाधिकरणाला 'जस्ट' वाटेल इतकी असावी, असं आहे. महामार्ग ५३ च्या रुंदीकरणात गेलेल्या जमिनीचा बाजारभाव काढता येतो, तिथे तोल आला. त्याच महामार्गावर अपघातात गेलेल्या कमावत्या माणसाला बाजारभाव नसतो, तिथे हक्क आला. कायदा लिहिणाऱ्यांनी हाच विचार केला होता का, ते बाजूला ठेवा. शब्द लक्षात ठेवायला ही जोडी फार कामाची आहे.

पायरी ५ : शब्दाचा दुसरा अर्थ डोकावतोय का, ते बघा

'फेअर' म्हणजे गोराही. 'अवर सरपंच इज अ फेअर मॅन' वाचून कुणाला रंग आठवला तर दोष वाचणाऱ्याचा नाही. 'फेअर-माइंडेड' लिहा किंवा 'फेअर इन हिज डीलिंग्ज' लिहा.

'फेअर' म्हणजे बेताचाही. प्रगतिपुस्तकातला 'फेअर' हा शेरा 'गुड'च्या खाली असतो. कापूस खरेदी केंद्रावर ऐकू येणारा 'एफएक्यू' म्हणजे 'फेअर अ‍ॅव्हरेज क्वालिटी', त्यातला 'फेअर' न्यायाचा नाही, चालण्याजोग्या प्रतीचा आहे. 'फेअरली' तर आणखी दगाबाज. 'वुई वेअर फेअरली ट्रीटेड' म्हणजे न्यायाने वागवलं, पण 'फेअरली गुड' म्हणजे बऱ्यापैकी.

'जस्ट'ची जागा हलली की अर्थ हलतो. 'ही इज अ जस्ट लीडर' म्हणजे न्यायी नेता. 'ही इज जस्ट अ लीडर' म्हणजे नुसता पुढारी. एका 'अ'च्या जागेने सत्काराच्या भाषणाचं वाटोळं होतं.

'पार्शल पेमेंट' म्हणजे अर्धवट रक्कम, आणि 'पार्शल टू भरीत' म्हणजे भरताची आवड असलेला, त्यात काही गुन्हा नाही. 'ऑब्जेक्टिव्ह' नाम म्हणून आला की उद्दिष्ट. 'इक्विटेबल मॉर्गेज' हा बँकेचा शब्द, मालकीची कागदपत्रं ठेवून केलेलं गहाण. त्याचा समन्यायीपणाशी तुमच्या अर्जापुरता संबंध नाही.

तपासणी: वाक्य मोठ्याने वाचा आणि विषय माहीत नसलेल्या कुणाला तरी अर्थ विचारा. त्याने वेगळा सांगितला तर शब्द बदला, वाद घालू नका.

पायरी ६ : उलटा शब्द हवा असेल तर

सगळ्यांना 'अन' लावून चालत नाही. 'अनफेअर' आणि 'अनजस्ट' बरोबर, पण 'इक्विटेबल'चा उलटा 'इनइक्विटेबल'. 'इम्पार्शल' हा आधीच नकारातून बनलाय, त्याचा उलटा 'पार्शल'. ग्राहक आयोगाकडे तक्रार असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातलाच शब्द उचला: 'अनफेअर ट्रेड प्रॅक्टिस', अनुचित व्यापारी प्रथा. तिथे 'अनजस्ट' लिहून शहाणपणा करू नका. जिथे कायद्याने शब्द ठरवून दिलाय तिथे तोच चालतो.

नाम करतानाही बघा. 'फेअर'चं 'फेअरनेस', 'इम्पार्शल'चं 'इम्पार्शलिटी', पण 'जस्ट'चं 'जस्टिस' होतं. 'जस्टनेस' कोशात आहे, वापरात फारसा नाही.

पायरी ७ : रास घालू नका

'वुई वॉन्ट फेअर, जस्ट, इम्पार्शल अँड अनबायस्ड इन्क्वायरी.' अशी वाक्यं निवेदनांत हमखास असतात. मनेका गांधी खटल्यापासून, म्हणजे १९७८ पासून, 'जस्ट, फेअर अँड रीझनेबल' ही त्रयी न्यायालयीन भाषेत रुळली आहे हे खरं. पण तिथे ती कसोटी म्हणून येते, आणि न्यायाधीश पुढे पानं भरून तिचा अर्थ उलगडतात. तुमच्या एका पानाच्या अर्जात चार विशेषणं म्हणजे एकही नसल्यासारखं. एका नामाला एक विशेषण, फार तर दोन.

पायरी ८ : लिहिलेला अर्ज याच रीतीने तपासून बघा

जामदा कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्यांचा अर्ज समजा असा आहे:

'द लास्ट रोटेशन वॉज नॉट इम्पार्शल. वुई रिक्वेस्ट यू टू सेंड अ जस्ट ऑफिसर फॉर इक्विटेबल इन्क्वायरी, अँड अ फेअर रिपोर्ट शुड बी गिव्हन.'

पहिल्या वाक्यात आवर्तनाला 'इम्पार्शल' लावलंय. आवर्तन हे वाटप, तिथे 'इक्विटेबल' हवा. तो नेमका चौकशीला जाऊन बसलाय, तिथे 'इम्पार्शल' हवा. म्हणजे दोन शब्दांची फक्त अदलाबदल. 'जस्ट ऑफिसर' वाचताना 'नुसता अधिकारी' असं डोकावतं. शिवाय शेतकऱ्यांची खरी शंका अधिकाऱ्याच्या नीतीबद्दल नाही, त्याच्या नातेवाइकाचं शेत हेडला आहे याबद्दल आहे. मग तेच लिहा. आणि 'फेअर रिपोर्ट' म्हणजे 'बेताचा अहवाल' असाही वाचता येतो. तिथे 'ऑब्जेक्टिव्ह' बसेल, पण विशेषणाऐवजी अहवाल कशावर आधारायचा ते सांगितलं तर साहेबांना पळवाट राहत नाही:

'द डिस्ट्रिब्यूशन ऑफ वॉटर इन द लास्ट रोटेशन वॉज नॉट इक्विटेबल. वुई रिक्वेस्ट अ‍ॅन इम्पार्शल इन्क्वायरी बाय अ‍ॅन ऑफिसर हू हॅज नो पर्सनल इंटरेस्ट इन द मॅटर. द रिपोर्ट शुड बी बेस्ड ऑन द गेज रीडिंग्ज अ‍ॅट द हेड अँड द टेल.'

विशेषणं चारवरून दोनवर आली. विषयाच्या ओळीतही 'इनजस्टिस टू फार्मर्स' नको. तिथे 'इनइक्विटेबल डिस्ट्रिब्यूशन ऑफ कॅनॉल वॉटर' लिहा, आणि त्यापुढे आवर्तनाचा क्रमांक आणि चारीचं नाव टाका, म्हणजे आवक विभागातला कारकून तो अर्ज योग्य टेबलावर पाठवेल.